अंगावर जाणं, अंगावर काढणं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांचं नाव माझ्यामागच्या फलकावर आहे. मी ते पुन्हा घेत नाही. आम्ही त्यांना 'बाई' म्हणायचो, आजही बाईच म्हणेन. विषय काय घेऊ, असं मी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तुम्ही मराठीच्या शिक्षिका, भाषेवर बोला. मी भाषेवरच बोलणार आहे. फक्त भाषा माझ्या गर्भाशयाच्या कॅन्सरची असेल. ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी खुशाल पंख्याकडे बघावं. (हशा)

तीन वर्षांपूर्वी, पाडव्याच्या चार दिवस आधी, माझा बायॉप्सीचा रिपोर्ट आला. ऑपरेशनची तारीख मिळाली ती बरोबर चोविसाव्या दिवसाची. ऑपरेशनाबद्दल सांगायला डॉक्टर आहेत. मी त्या चोवीस दिवसांबद्दल बोलणार आहे. कारण त्यांच्याविषयी कुणी काही सांगत नाही. रिपोर्ट हातात पडला आणि तारीख यायची आहे, या मधल्या काळात बाईनं करायचं काय? पोळ्या?

पण चोवीस दिवसांच्या आधी चार महिने आहेत, आणि ते माझ्या खात्यावर जमा आहेत. तिथूनच सुरुवात करते.

माझी पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती. दिवाळीनंतर एके दिवशी अंगावर गेलं. थोडंसंच. मग पंधरा दिवस काही नाही, मग पुन्हा. आता मराठीची गंमत पाहा. रक्त जायला लागलं की आपण म्हणतो 'अंगावर जातंय'. आणि दुखणं सांगायचं नाही, सोसत राहायचं, याला आपण म्हणतो 'अंगावर काढलं'. तेच अंग, दोन क्रियापदं. पहिलं घडलं की दुसरं करायचं, असं जणू व्याकरणानंच ठरवून दिलंय. मी आयुष्यभर मुलांना वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावला. हा एक मी स्वतः करून दाखवला, चार महिने.

का? मी अडाणी नव्हते. डॉक्टर घरापासून पाच मिनिटांवर. घरातले विचारणारे, काळजी घेणारे. तरी मी बाथरूममध्ये जाऊन दोन तांबे जास्त ओतायचे आणि बाहेर येऊन कुकर लावायचे. सुनेला वाटलं, सासूबाई हल्ली फारच स्वच्छता पाळतात.

इथे, कल्याणात उभी राहून मला एका मुलीची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येणार नाही. ३१ मार्च १८६५ रोजी याच गावच्या कुटुंबात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं, नाव आनंदी झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. १८८३ साली, अमेरिकेला निघण्याआधी, श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं भाषण केलं. बंगालमधलं श्रीरामपूर, आपल्या नगरचं नव्हे. मी का जाते आहे, हे तिनं त्यात सांगितलं. मुद्दा सरळ होता : हिंदुस्थानातल्या बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून ती डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेली. एकवीस वर्षांची होती.

आज तिच्या गावात काय आहे? स्टेशनपासून निघा आणि पाट्या मोजत चला. 'स्त्रीरोगतज्ज्ञ' लिहिलेल्या पाट्यांवर निम्म्याहून जास्त नावं बायकांची दिसतील. म्हणजे आनंदीबाईंचा प्रश्न सुटला? अर्धा सुटला. ऐकणारी बाई मिळाली. सांगणारी अजून बाथरूममध्ये तांबे ओतते आहे.

पाळी गेल्यावर अंगावर गेलं म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. अशा दहा बायका तपासल्या तर साधारण एकीला तो निघतो. नऊ जणींचं कारण किरकोळ असतं. अस्तर पातळ होऊन कोरडं पडलेलं असतं, नाहीतर एखादा मस्सा असतो. पण हे वाक्य उलटं करून वाचा. ज्यांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होतो, त्यांतल्या दहापैकी नऊ जणींना ही खूण दिसलेली असते. इतका प्रामाणिक रोग दुसरा क्वचितच असेल. तो दाराची कडी वाजवून येतो. कडी ऐकू येऊनही मी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी एका सकाळी कपडे धुताना सुनेला कळलं. ती काही बोलली नाही. दुपारी घरी आली, म्हणाली, "आई, साडेचारची अपॉइंटमेंट आहे, साडी बदला." सोनोग्राफीत अस्तर १४ मिलिमीटर आलं. पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या बाईचं ते चार मिलिमीटरच्या वर गेलं की डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. मग क्युरेटिंग, मग रिपोर्ट. आणि तिथून ते चोवीस दिवस.

आता पहिला मुद्दा, शब्दांचा. तो लांबणार आहे, आधीच माफी मागते.

रिपोर्ट आल्यावर नातेवाइकांत बातमी कशी गेली? 'पिशवीचं काहीतरी निघालंय.' पिशवी! बाजारात नेतात ती. भाजी काढून घेतली की घडी घालून दारामागे टांगायची, फाटली की फेकायची. गर्भाशयाला पिशवी म्हणणं हे मला आधी फक्त घरगुती वाटायचं. आता त्याची भीती वाटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गोष्ट आपण वर्तमानपत्रांत वाचली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येकींचं वय तिशी-पस्तिशीचं. पाळीच्या दिवसांत कोयता बंद ठेवला तर खाडा आणि दंड. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की तिथे 'काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती. पिशवीच ती, काढा. तिथे कॅन्सर हा शब्द नसलेल्या रोगासाठी वापरला गेला. आणि आमच्या डोंबिवलीत रोग असताना तोच शब्द कुणाच्या तोंडी येईना.

दुसरी गंमत. हा नेमका कुठला कॅन्सर? गर्भाशयाच्या तोंडाचा वेगळा, अस्तराचा वेगळा. तोंडाचा विषाणूमुळे होतो, त्याला लस आहे, आपल्या देशात अजून तोच जास्त. अस्तराचा बहुधा पाळी गेल्यावर होतो. वजन, मधुमेह, शरीरातल्या हार्मोनचा तोल यांच्याशी त्याचा संबंध, आणि शहरांमधून तो वाढतो आहे. मला भेटायला आलेल्या दहाजणींतल्या आठ जणींनी पहिल्याचं ज्ञान दुसऱ्याला लावलं. एकीनं तर 'पण तुमच्या घरी असं काही नाही ना?' असं ह्यांच्याकडे बघत विचारलं. हे बिचारे पन्ह्याचा ग्लास घेऊन उभे. (हशा)

आणि सगळ्यांचा ठरलेला प्रश्न : 'कितवी स्टेज?' पहिले आठ दिवस मी या प्रश्नानं रडकुंडीला आले, कारण मला उत्तर येत नव्हतं. शिक्षिकेला उत्तर येत नाही म्हणजे काय! मग डॉक्टरांनी समजावलं, बाई, उत्तर अजून कुणालाच येत नाही. या कॅन्सरची स्टेज ऑपरेशननंतर, काढलेला अवयव तपासून ठरते. १९८८ पासून जगभर हीच रीत आहे. एमआरआयवरून अंदाज येतो, रोग स्नायूत किती खोल गेला आहे याचा. निकाल नंतर. त्या दिवसापासून मी सांगू लागले, "पेपर अजून तपासायचे आहेत." हे सगळ्यांना लगेच कळतं.

आता ओटी. शरीरशास्त्रात ज्याला खालचं पोट म्हणतात त्याला मराठीत ओटीपोट म्हणतात. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवरही तेच होतं. बाईची ओटी भरतात ती कुठे? पदर पसरून तिथेच. रात्रभर झोप लागली नाही की आपण कूस बदलत असतो. कूस! हा सगळा शब्दकोश गर्भाशयाभोवती फिरतो आणि त्या अवयवाचं नाव घ्यायची वेळ आली की आपण पिशवीवर येतो.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू मी दरवर्षी करते. त्या वर्षी ते बाराव्या दिवशी आलं. घरात चर्चा झाली, करायचं का? मी म्हटलं, करायचं. आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं, हरभरे भिजत घातले. अकराजणी आल्या. प्रत्येकीच्या ओटीत ओले हरभरे घालताना मी सांगितलं, सरळ वाक्यात : "मला गर्भाशयाचा कॅन्सर झालाय. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे." पहिल्यांदा सांगताना हरभरे निम्मे जमिनीवर पडले. अकराव्यांदा सांगताना एकही नाही.

लगेच मायेचा पूर आला असं समजू नका. एकीनं पन्ह्याचा ग्लास ओठाला न लावता तसाच खाली ठेवला. तिला वाटलं, लागतं. मी पाहिलं आणि मला राग आला. दोघी स्वयंपाकघरात मागोमाग आल्या आणि हळू आवाजात डॉक्टरांचा नंबर घेऊन गेल्या. का, ते मी विचारलं नाही. आणि आता ऐका. पुढच्या सोमवारी एमआरआयला मुलाला रजा मिळेना, तेव्हा माझ्याबरोबर अडीच तास त्या थंडगार वेटिंगमध्ये कोण बसलं? तीच, पन्हं न पिणारी. येताना स्वतःच्या पाण्याची बाटली मात्र घेऊन आली होती.

दुसरा मुद्दा वेळेचा. हा सगळ्यांत जाचक.

रोग कळला आणि तो आत आहे. तारीख चोवीस दिवसांनंतर. रात्री दोन वाजता मनात एकच : तो वाढत असेल. आत्ता. या क्षणी. मग उद्याच का करत नाहीत? मी हा प्रश्न वहीत लिहून नेला. उत्तर मिळालं : तुमच्या बाबतीत आठवडे चालतील, महिने चालणार नाहीत. एवढ्या एका वाक्यानं मला झोप लागली. प्रत्येकीचं उत्तर वेगळं असेल. रोगाची जात तापट असेल तर घाई जास्त. पण प्रश्न विचारायलाच हवा, आणि 'पेशंटला कशाला सांगता' म्हणणाऱ्या दिराला बाहेर बसवून विचारायला हवा.

१८११ साली पॅरिसमध्ये फॅनी बर्नी नावाच्या इंग्रज लेखिकेचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं. भूल नव्हतीच, ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मधलं. डॉक्टरांनी तिला दिवस सांगितला नाही. आधी कळलं तर बाई खचेल, म्हणून फक्त काही तास आधी चिठ्ठी आली. त्या तासांत तिनं काय केलं? मुलाला आणि नवऱ्याला बाहेर पाठवलं, खोली लावून घेतली. पट्ट्या, स्पंज मांडलेले पाहिले आणि येरझाऱ्या घातल्या. नंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली, आणि तो सगळा प्रसंग तिनं बहिणीला पत्रात लिहिला. मी विचार करायचे, कुठलं बरं? चोवीस दिवस की चार तास? मला पहिल्या आठवड्यात चार तास बरे वाटायचे. तिसऱ्या आठवड्यात मत बदललं.

कारण हे दिवस रिकामे नसतात. माझी साखर चढलेली होती, ती खाली आणायची होती. चार महिने रक्त गेलेलं, हिमोग्लोबिन वर यायला हवं होतं. हृदयाची तपासणी, भूलतज्ज्ञांचं फिटनेस. विम्याच्या कंपनीशी मी देवाशी बोलले नसेन इतकं बोलले. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी याच दिवसांत करायची असते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेशनकार्ड शोधून भागत नाही.

आणि स्लाइड. एका लॅबनं केलेलं निदान दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्यायचं होतं. मी त्यासाठी परळला गेले. 'परळला नेलंय' म्हटलं की आपल्याकडे पुढचं बोलावं लागत नाही. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. दोराबजी टाटांची पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं विलायतेत गेल्या, त्या दुःखातून ते उभं राहिलं. तेव्हापासून गावोगावचे लोक तिथे येतात. आम्ही तर जवळचे. डोंबिवलीहून धीमी गाडी, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे करत.

निघण्याआधी पहिल्या लॅबमधल्या मुलानं मला दोन काचेच्या पट्ट्या आणि एक मेणाचा ठोकळा दिला. बोटाच्या पेराएवढा, प्लॅस्टिकच्या जाळीत बसवलेला, कडेला पेन्सिलीनं नंबर. मेणात तपकिरी कण दिसत होते. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "हेच तुमचं सॅम्पल, मॅडम." अहो, हे माझं गर्भाशय! निदान त्याचं अस्तर. मी घाबरून विचारलं, एवढं ऊन आहे, गाडीत वितळलं तर? तो हसला. ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं म्हणे, "डोंबिवली अजून तेवढी तापली नाही." साडेअकराच्या गाडीत मला चौथी सीट मिळाली. पर्स मांडीवर, पर्समध्ये तो ठोकळा. ज्यात माझा मुलगा वाढला, त्याचा तुकडा मी ओटीत घेऊन परळपर्यंत गेले. समोरची मुलगी मटार सोलत होती. मुंब्र्याला तिनं मला चार दाणे दिले. मी खाल्ले.

मला कुणी नंतर सांगितलं की दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना बसता येतं. खरं आहे, येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवायचा. मी गेले नाही. मला त्या दिवशी बायकांचाच डबा हवा होता.

सल्ल्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला पाठच आहेत. गव्हांकुराचा रस. अमक्या गावचं पुडीतलं औषध. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो.' या शेवटच्याबद्दल मात्र मी डॉक्टरांना विचारलं. बायॉप्सीनं किंवा नीट केलेल्या ऑपरेशननं तो पसरत नाही. पण एक गोष्ट खरी आहे : दुर्बिणीतून ऑपरेशन करताना गर्भाशयाचे पोटात बारीक तुकडे करून बाहेर काढायची एक पद्धत होती, आणि आत न कळलेला कॅन्सर असेल तर त्यानं तो पसरू शकतो, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्यानं तिच्याविरुद्ध इशारा दिला. कॅन्सर माहीत असताना गर्भाशय अखंडच काढतात. मी वहीत लिहिलं, 'अखंड ना?' आणि विचारलं. डॉक्टर म्हणाले, अखंड. तेव्हा शेजारच्या काकूंच्या अंधश्रद्धेला मी मनातल्या मनात दहापैकी दोन गुण दिले.

'पॉझिटिव्ह राहा' याला शून्य. मला चोवीस दिवस छान वाटलं नाही. पाडव्याला डोंबिवलीत फडके रोडवर शोभायात्रा निघाली. १९९९ पासूनची ही आमची प्रथा, मी दरवर्षी मुलींच्या लेझीम पथकाबरोबर चालते. त्या वर्षी कठड्याला धरून उभी राहिले. पथक समोरून गेलं आणि मी हमसून रडले. भर रस्त्यात, नथ घालून. रडले म्हणून माझी कुठलीही पेशी बिघडली नाही. 'खचू नकोस, मनावरच असतं सगळं' असं आजारी माणसाला म्हणणं म्हणजे उद्या दुखणं वाढलं तर दोष तिच्या मनावर टाकायची आजच केलेली सोय आहे. ह्यांनी असं काही म्हटलं नाही. ते रोज रात्री ओटा पुसायला लागले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. काहीच बोलायचे नाहीत, फक्त पुसायचे. मी झोपेचं सोंग घेऊन तो आवाज ऐकायचे.

तिसरा मुद्दा श्वासाचा होता, त्याला आता पाचच मिनिटं उरली आहेत. अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

भूलतज्ज्ञांनी एक यंत्र दिलं होतं. तीन नळ्या, तीन चेंडू. ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट उघडावीत म्हणून आधीपासून सराव. मी पहिल्या दिवशी जोरात फुंकलं. चेंडू हलेनात. नातू म्हणाला, "आजी, ओढायचं असतं, फुंकायचं नाही." सगळेच आधी फुंकतात म्हणे. पहिल्या दिवशी एक चेंडू वर, दुसरा अर्ध्यात. दहाव्या दिवशी दोन. एकविसाव्या दिवशी तिसरा हलला, थरथरला, आणि टोपीला टेकून क्षणभर तिथे राहिला. रोज संध्याकाळी गच्चीत अर्धा तास चालणं, आणि हे. जे आत चाललंय त्यावर माझा ताबा नव्हता. या चेंडूंवर होता.

चोविसाव्या दिवशी सकाळी सहाला, ठाण्यातल्या हॉस्पिटलात, नर्सनं बांगड्या उतरवायला सांगितल्या. पाडव्याच्या हिरव्या बांगड्या निघेनात, साबण लावून काढल्या. मंगळसूत्र सुनेच्या पर्समध्ये गेलं. आत नेलं. छतावर दिवा, माझ्या मुलाहून लहान वाटणारा एक भूलतज्ज्ञ हातात कागद घेऊन उभा. पेशंट तोच आहे ना, ऑपरेशन तेच आहे ना, हे पेशंटच्याच तोंडून वदवून घेतात.

"पूर्ण नाव सांगा."

सांगितलं.

"कसलं ऑपरेशन आहे, माहिती आहे?"

"गर्भाशयाचा कॅन्सर आहे. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढणार आहात. अखंड."

त्यानं कागदावर तीन खुणा केल्या.

"काल रात्री काय खाल्लं?"

"मुगाची खिचडी. आठ वाजता."

"बरं. आता मोठा श्वास घ्या."

मी ओढला.